चुटकी वाजविणारा भुंगेरा व जमिनीतील तारअळी

मृग नक्षत्राच्या आगेमागे पावसाच्या दोनचार चांगल्या सरी पडल्या, म्हणजे वारणा खोऱ्यातील गावांत संध्याकाळी दिव्याभोवती भुंगेऱ्यांची एकच गर्दी उडते. त्या गर्दीत लांबट, चपट्या अंगाचा व तपकिरी किंवा काळपट रंगाचा एक भुंगेरा हमखास असतो. दिव्यावर आपटून तो उताणा पडला की क्षणभर मेल्यासारखा निपचित राहतो, आणि मग चुटकी वाजावी तसा 'टक्' आवाज करून वीतभर वर उसळतो. मुलांना हा खेळच वाटतो. भुंगेरा चिमटीत धरला तर तो बोटांतच मान खालीवर आपटतो व तसाच आवाज करतो.

इंग्रजी पुस्तकांत या भुंगेऱ्यास 'क्लिक बीटल' असे नाव आहे. येथे त्यास चुटकी भुंगेरा म्हटले आहे. याची अळी जमिनीत राहते. ती तारेच्या तुकड्यासारखी बारीक, पिवळी व कडक असल्यामुळे तिला 'वायरवर्म', म्हणजे तारअळी, म्हणतात.

वारणानगरच्या परिसरात या किड्याविषयी नीट माहिती असणे अगत्याचे आहे. हा सारा मुलूख उसाचा आहे. तात्यासाहेब कोरे यांनी येथे सहकारी साखर कारखाना उभा केला व त्याच्या भोवती दोन्ही काठांवरील गावांची शेती उसाशी बांधली गेली. उसाच्या मुळावर येणाऱ्या हुमणीने कोल्हापूर व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना वारंवार जेरीस आणले आहे. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाशी दिसणारा प्रत्येक भुंगेरा हुमणीचाच, आणि जमीन उकरताना सापडणारी प्रत्येक अळी हुमणीचीच, अशी समजूत होणे साहजिक आहे. परंतु या समजुतीपायी दोन प्रकारे नुकसान होते. हुमणी नसताना जमिनीत महागडे विष पडते. आणि दुसरीकडे, हुमणी असूनही भलत्याच किडीवर उपाय होत राहिल्याने ऊस हातचा जातो. किडीची ओळख आधी व औषध नंतर, हा क्रम पाळला तर ही दोन्ही नुकसाने टळतात.

उडीची यंत्रणा

बहुतेक उड्या मारणारे किडे पायांच्या बळावर उडी मारतात. नाकतोड्याचे मागचे पाय लांब व दणकट असतात, ते त्यासाठीच. चुटकी भुंगेऱ्याचे पाय मात्र आखूड असतात. उताणा पडल्यावर ते जमिनीस टेकत नाहीत, आणि पाठ गुळगुळीत असल्यामुळे कूस वळविणेही त्यास अवघड जाते. म्हणून निसर्गाने त्याच्या छातीतच एक खिट्टी बसविली आहे.

या भुंगेऱ्याच्या छातीचा पुढचा भाग व मागचा भाग यांच्यामध्ये बिजागरीसारखा सांधा असतो. पुढच्या भागाच्या खालच्या बाजूस मागे वळलेला एक काटा असतो, व मागच्या भागात त्या काट्यास बसेल अशी खोबण असते. उताणा पडलेला भुंगेरा प्रथम आपले अंग कमानीसारखे वाकवितो. त्या वेळी काटा खोबणीच्या कडेवर अडकून राहतो. आतील स्नायू जोराने आवळले जात असतात, पण काटा अडकलेला असल्यामुळे अंग हलत नाही व जोर साठत जातो. शेवटी काटा कडेवरून निसटतो, खोबणीत खटकन बसतो, आणि साठलेला सारा जोर एकदम मोकळा होऊन भुंगेरा वर फेकला जातो. आपल्याला ऐकू येणारा 'टक्' हा आवाज त्याच क्षणीचा होय.

ही गोष्ट समजण्यासाठी आपली चुटकीच पाहावी. अंगठा व मधले बोट एकमेकांवर दाबून धरले असता बोट घर्षणामुळे अडून राहते. ते सटकले की तळव्यावर जोराने आपटते व आवाज होतो. नुसते बोट हलवून तेवढा वेग येत नाही. भुंगेऱ्याच्या छातीतील काटा हेच काम करतो.

एम. ई. जी. इव्हान्स या शास्त्रज्ञाने १९७२ साली युरोपातील एका जातीच्या चुटकी भुंगेऱ्याच्या उडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अवघ्या चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास वजनाचा तो भुंगेरा सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर, उंच उडतो असे त्यात आढळले. जमीन सोडण्याची क्रिया एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात उरकते, आणि त्या क्षणी त्याच्या शरीरावर येणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या शेकडो पट असतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे क्ष-किरणांच्या अतिजलद चित्रणाने काट्याची ही हालचाल प्रत्यक्ष टिपली व त्यावरील निबंध २०२१ साली प्रसिद्ध केला. लहान यंत्रे उलटी पडली तर ती आपोआप सरळ कशी करता येतील, यासाठीही या भुंगेऱ्याचा अभ्यास चालतो.

उडी मारल्यावर भुंगेरा हवेत कोलांट्या घेतो. तो पायांवर पडेल की पुन्हा पाठीवर, हे बरेचसे दैवावर असते. पाठीवर पडलाच तर तो पुन्हा चुटकी वाजवितो. पक्ष्याने चोचीत धरले असता अचानक बसणाऱ्या या झटक्याने त्याची सुटकाही होऊ शकते.

उडी शेतकऱ्यासही उपयोगाची आहे, ती ओळखीची खूण म्हणून. हुमणीचा भुंगेरा कितीही वेळ उताणा पडला तरी पाय हलवीत राहतो. तो चुटकी वाजवीत नाही.

दोन भुंगेऱ्यांतील फरक

कोल्हापूर भागात हुमणीच्या दोन जाती विशेष महत्त्वाच्या आहेत. एक माळरानावरील, जिचे शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा. व दुसरी नदीकाठची, जिचे नाव ल्यूकोफोलिस लेपिडोफोरा. वारणा, पंचगंगा व कृष्णा या नद्यांच्या काठावरील उसात ही दुसरी जात त्रासदायक ठरली आहे. दोहोंचे भुंगेरे जाड, फुगीर व तपकिरी असतात. त्यांच्या मिशांच्या टोकांस पंख्याच्या पात्यांसारखी लहान पाने असतात.

चुटकी भुंगेरा याहून निराळा दिसतो. त्याचे अंग लांबट, चपटे व मागे निमुळते असते. मानेमागच्या ढालीचे मागील दोन्ही कोपरे काट्यासारखे टोकदार असतात. मिशा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात, त्यांना टोकाशी पाने नसतात. इतके पाहूनही शंका राहिली, तर भुंगेरा सपाट फरशीवर उताणा ठेवावा व थोडा वेळ वाट पाहावी. त्याने चुटकी वाजविली की शंका उरत नाही.

जगात चुटकी भुंगेऱ्यांच्या सुमारे दहा हजार जाती ज्ञात आहेत. त्या सर्वांची गणना इलॅटेरिडी या एकाच कुळात होते.

तारअळीचा जीवनक्रम

चुटकी भुंगेऱ्याची मादी ओलसर जमिनीत, विशेषेकरून गवत व तण माजलेल्या जागी, अंडी घालते. अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या अळ्या प्रथम फिकट असतात व वाढीबरोबर पिवळ्या ते तांबूस तपकिरी होतात. जातीप्रमाणे व हवामानाप्रमाणे अळीची अवस्था कमीअधिक काळ टिकते. युरोपातील थंड प्रदेशात काही जातींच्या अळ्या चार ते पाच वर्षे जमिनीत काढतात. पूर्ण वाढ झालेली अळी मातीत लहानसा कप्पा करून त्यात कोषावस्थेत जाते, व त्यातून भुंगेरा बाहेर येतो.

जमीन कोरडी पडली किंवा फार तापली की तारअळी खाली ओल असेल तिकडे उतरते. ओल वर आली की तीही वर येते. म्हणून एकाच शेतात एका महिन्यात अळ्या दिसतात व दुसऱ्या महिन्यात दिसत नाहीत. त्या नाहीशा झाल्या असे समजू नये.

तारअळीस डोळ्यांचा उपयोग फारसा नसतो. अंकुरणारे बी व वाढणारी मुळे जो कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात, त्याच्या मागावर ती अन्नापर्यंत पोहोचते. पुढे सांगितलेली आमिषाची रीत याच गुणावर आधारलेली आहे.

पिकाचे नुकसान किती?

युरोप व उत्तर अमेरिकेत तारअळी ही बटाटा, गहू व मका यांची मोठी शत्रू समजली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची तूट भरून काढण्यासाठी इंग्लंडमध्ये जुनी कुरणे मोठ्या प्रमाणावर नांगरण्यात आली. तेव्हा गवताखाली वर्षानुवर्षे साठलेल्या तारअळ्या नव्या पिकांवर तुटून पडल्या, व सरकारला शेतोशेती अळ्यांची मोजणी करण्याची व्यवस्था उभारावी लागली. अळ्या किती आहेत हे पाहूनच कोणत्या शेतात कोणते पीक घ्यावे याचा सल्ला देण्यात येई. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात तारअळी उसाच्या टिपरीचे डोळे पोखरते. निचरा नीट न होणाऱ्या सखल जमिनीत हा उपद्रव अधिक असतो.

कोल्हापूर भागात मात्र उसाच्या प्रमुख किडी म्हणजे हुमणी, खोडकीड, कांडीकीड, लोकरी मावा इत्यादी होत. त्या यादीत तारअळीचे नाव येत नाही. दोन प्रकारच्या जागी मात्र तिच्याकडे लक्ष ठेवणे शहाणपणाचे ठरेल. एक म्हणजे, पुष्कळ वर्षे गवताखाली असलेले व नव्याने लागवडीखाली आणलेले रान; आणि दुसरी, नदीकाठची पाणी धरून ठेवणारी भारी जमीन. अशा ठिकाणी अळी टिपरीचा डोळा किंवा जमिनीखालील कोवळा कोंब पोखरते, उगवण विरळ होते, व सरीत नांग्या पडतात. भुईमूग, मका, बटाटा यांचे बी व कोवळी रोपेही ती खाते.

यापुढची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सर्वच तारअळ्या पीक खात नाहीत. कित्येक जाती कुजके लाकूड व पालापाचोळा यांत राहतात, आणि काही जाती तर मांसाहारी असून जमिनीतील इतर किडींच्या अळ्या मारून खातात. नारळाच्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या खाणाऱ्या तारअळ्याही माहीत आहेत. हुमणीही त्याच गेंड्या भुंग्याच्या कुळातील. म्हणून उसाचे बेट उकरताना हुमणीच्या शेजारी एखादी तारअळी दिसली, तर ती चोराच्या घरात शिरलेला शिपाईही असू शकेल. एकदोन तारअळ्या दिसल्या म्हणून सगळ्या रानात विष टाकणे, म्हणजे त्या शिपायासच प्रथम मारणे होय.

जमिनीतील अळ्या ओळखण्याची रीत

उसात बेटे पिवळी पडू लागली किंवा उगवण विरळ झाली, तर शेताच्या निरनिराळ्या भागांत निदान पाच ठिकाणी फूटभर लांब, फूटभर रुंद व फूटभर खोल असा खड्डा घ्यावा. काढलेली माती गोणपाटावर पसरावी व हाताने फोडून पाहावी. सापडलेली प्रत्येक अळी पुढील खुणांवरून ओळखावी.

हुमणी : अळी मऊ, पांढरट, जाड, व इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली. डोके तपकिरी. हिने मुळे खाल्लेले बेट हाताने ओढताच सहज उपटून येते.

तारअळी : अळी सरळ, बारीक, चकचकीत, पिवळी ते तांबूस, बोटाने दाबली तर कडक लागते. डोक्यामागे पायांच्या फक्त तीन जोड्या. डोके काहीसे चपटे.

खोटी तारअळी : ही दुसऱ्या कुळातील भुंगेऱ्याची अळी असते व तारअळीसारखीच दिसते. हिचे पुढचे पाय मागच्यांहून मोठे असतात व ती चपळ असते. हिचे भुंगेरे काळे किंवा मातकट असून चुटकी वाजवीत नाहीत.

वाणी : ही अळी नव्हेच. अंगाच्या जवळजवळ प्रत्येक वळ्याला पाय असतात व डिवचताच ती वेटोळे करते. ती मुख्यतः कुजका पाला खाते.

वाळवी : लागण केलेली टिपरी आतून पोखरून तीत माती भरलेली असते, व फोडल्यावर पांढरे किडे दिसतात.

खोडकीड : मधला पोंगा वाळतो, ओढल्यावर सहज निघतो व त्यास घाण वास येतो. कोंबाला जमिनीलगत छिद्र असते. हा उपद्रव मुळाशी नसून कोंबात असतो, हे ध्यानात ठेवावे.

या पाहणीचा कागद करून ठेवावा. शेताचे नाव, तारीख, खड्ड्यांची संख्या व प्रत्येक प्रकारच्या अळ्यांची संख्या, एवढी नोंद पुरेशी आहे. 'रानात कीड आहे' या सांगण्यावरून सल्ला देता येत नाही. 'पाच खड्ड्यांत सात हुमणी व एक तारअळी' या सांगण्यावरून तो देता येतो.

आमिषाची रीत

लागण करण्यापूर्वी रानात तारअळी आहे किंवा नाही हे पाहण्यास खर्च काहीच लागत नाही. बटाट्याच्या जाड फोडी घेऊन प्रत्येकीत एकेक काडी टोचावी व त्या शेतात ठिकठिकाणी चार बोटे खोल पुराव्यात. काडीचे टोक वर राहू द्यावे. बटाट्याऐवजी रात्रभर भिजविलेल्या मक्याची मूठही चालते. जमिनीत ओल असणे आवश्यक आहे. आठवड्याच्या आत आमिषे उकरून पाहावीत. तारअळ्या असतील तर त्या फोडीत शिरलेल्या किंवा दाण्यांभोवती गोळा झालेल्या आढळतील. त्या वेचून नष्ट कराव्यात. बहुतेक आमिषे रिकामी निघाली तर त्या रानात तारअळीसाठी काहीही करण्याची गरज नाही.

भुंगेरे गोळा करण्याची मोहीम

हुमणीचा बंदोबस्त करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे अंडी घालण्यापूर्वीच तिचे भुंगेरे मारणे. माळरानावरील हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात व कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खाण्यासाठी जमतात. रात्री आकडीच्या काठीने फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत. एकट्यादुकट्याने हे काम करून भागत नाही. शेजारच्या रानातून भुंगेरे येतच राहतात. गावाने मिळून एकाच आठवड्यात ही मोहीम केली तरच तिचा गुण दिसतो.

या मोहिमेत प्रकाश सापळ्यांचाही उपयोग होतो. परंतु दिव्यावर हुमणीबरोबर चुटकी भुंगेरे, शेणातील भुंगेरे व अनेक निरुपद्रवी, किंबहुना उपकारक किडेही येतात. म्हणून सापळा रात्रभर चालू न ठेवता संध्याकाळचे पहिले काही तासच लावावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सकाळी सापळ्यातील भुंगेरे ताटात पसरून हुमणीचे तेवढेच मोजावेत. सरसकट मोजणी केली तर हुमणीचा आकडा फुगतो, व शेतकऱ्याच्या खिशातून औषधावर खर्च होतो.

इतर उपाय

हुमणी व तारअळी दोहोंसाठी पुढील मशागतीचे उपाय लागू पडतात. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. वर आलेल्या अळ्या व कोष बगळे, कावळे व साळुंक्या वेचतात आणि उरलेले उन्हाने मरतात. नांगरामागे फिरणाऱ्या पक्ष्यांना हाकलू नये. बांध व सऱ्यांतील तण वेळीच काढावे. शेणखत पूर्ण कुजलेले वापरावे. कच्च्या खतातून हुमणीवर्गीय अळ्या शेतात येतात. पाणी तुंबणाऱ्या जागी चर काढून निचरा करावा. बेणे निरोगी व जोमदार निवडावे, म्हणजे कोंब लवकर वर येतो व अळीस कमी वेळ मिळतो. फार उपद्रव झालेल्या रानात खोडवा न ठेवता पिकाची फेरपालट करावी. हुमणीसाठी मेटारायझियम या उपयोगी बुरशीचा व हुमणीस मारणाऱ्या सूत्रकृमींचाही वापर करता येतो.

रासायनिक औषधांविषयी एक इशारा देणे जरूर आहे. १९५० नंतरच्या काळात बी. एच. सी., आल्ड्रिन व हेप्टाक्लोर ही औषधे जमिनीतील किडींवर सर्रास वापरली गेली. ती जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात व अन्नातून माणसाच्या शरीरात साठतात, असे आढळल्यावर १९९० नंतरच्या दशकात भारतात त्यांच्यावर बंदी आली. हुमणीसाठी उसात टाकल्या जाणाऱ्या दाणेदार फोरेटवरही ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. घरात किंवा गोठ्यात यांपैकी एखाद्याचे जुने पुडके उरले असेल तर ते वापरू नये, कोणास देऊ नये, विहिरीत वा नदीत तर मुळीच टाकू नये. औषध वापरावेच लागले तर त्या पिकासाठी व त्या किडीसाठी मान्यता असलेलेच घ्यावे, व वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणाबाहेर जाऊ नये. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राकडून चालू शिफारस विचारून घेणे इष्ट होय.

सारांश

दिव्याखाली उताणा पडून 'टक्' करणारा भुंगेरा हुमणीचा नव्हे. त्याची अळी सरळ, पिवळी व कडक असते. हुमणीची पांढरी, मऊ व वळलेली असते. तारअळी नव्या रानात व पाणी धरणाऱ्या जमिनीत कधी त्रास देते, तर कधी दुसऱ्या अळ्यांना खाऊन मदतही करते. म्हणून बेट पिवळे पडताच दुकानाकडे न धावता आधी कुदळ घ्यावी, पाच खड्डे घ्यावेत, अळ्या मोजाव्यात, आणि त्या आकड्यांवर उपाय ठरवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काचेच्या दोन बाटल्यांत एकेक हुमणी व एकेक तारअळी जपून ठेवून ती ग्रामसभेत व शाळेत दाखविली, तर या पावसाळ्यात पुष्कळ शेतकऱ्यांचा नाहक खर्च वाचेल आणि खरी हुमणी वेळेवर हाती लागेल.